तात्पर्य कोणी काढावयाचे?

मराठी शाळेत शिकलेल्या माणसास परीक्षेतील एक प्रश्न आयुष्यभर आठवतो. दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, तिला योग्य शीर्षक द्या आणि तात्पर्य लिहा. मुद्दे परंपरेने ठरविलेले, शीर्षक मार्गदर्शकात छापलेले, आणि तात्पर्य तर गोष्ट सुरू होण्यापूर्वीच निश्चित झालेले. लोभाचे फळ वाईट, एकीचे बळ मोठे, वडीलधाऱ्यांचे ऐकावे, असेल त्यात समाधान मानावे. मूल गोष्ट लिहिते ते या ठरलेल्या मुक्कामावर पोहोचण्यापुरतेच. ज्याला वाटेत एखादी शंका येते त्याचा वेळ जातो, आणि परीक्षेत वेळ गेला की गुण जातात. दहा वर्षे ही कवाईत केल्यानंतर तेच मूल मतदार होते, कामगार होते, कोणाच्या घरची सून होते. आणि मग त्याने सत्तेला जाब विचारावा अशी अपेक्षा बाळगून कार्यकर्ते त्याच्या दारात उभे राहतात.

म्हणूनच परंपरेने आलेल्या गोष्टींना प्रश्न विचारावयास आणि त्या नव्याने लिहावयास विद्यार्थ्यांना शिकवावे काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गेल्या काही वर्षांत या दिशेने काही घडलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून घरकाम करीत असल्याची चित्रे आली आणि त्यांचे सर्वत्र कौतुक झाले. बाजारात तलवार घेतलेल्या राजकन्यांची पुस्तकेही दिसू लागली आहेत. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु आईनेच स्वयंपाक करावा हे पूर्वी मुकाट्याने शिकविले जात होते, बाबांनीही करावा हे आता मुकाट्याने शिकविले जाते. दुसरी शिकवण पहिलीपेक्षा शतपटीने चांगली, यात वाद नाही. मुकाटेपणा मात्र दोन्हीकडे तोच आहे. गोष्ट बदलण्याचा अधिकार पाठ्यपुस्तक मंडळाच्या समितीकडून वर्गातील तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे आलेला नाही, आणि खरा वाद आहे तो या अधिकाराचा.

परंपरेच्या गोष्टींना हात लावू नये असे म्हणणारे एक गृहीत धरून चालतात. ते असे की, गोष्टीचे एक मूळ शुद्ध रूप कोठेतरी आहे आणि ते पूर्वजांनी जसेच्या तसे हाती दिले आहे. लोककथांचा इतिहास या समजुतीस कोठेही आधार देत नाही. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट फ्रान्समध्ये शार्ल पेरो याने १६९७ साली छापली तेव्हा लांडग्याने मुलीस खाल्ले आणि गोष्ट तेथेच संपली. १८१२ साली जर्मनीत ग्रिम बंधूंच्या संग्रहात शिकारी आला आणि लांडग्याचे पोट फाडून मुलगी बाहेर निघाली. त्याच ग्रिम बंधूंनी पुढील आवृत्त्यांत दुष्ट आईच्या जागी सावत्र आई आणून बसविली. सख्खी आई मुलांना रानात सोडून देते हे त्या काळच्या मध्यमवर्गीय घरास सोसणारे नव्हते. आपल्याकडे दुर्गा भागवतांनी आणि सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचा जो अभ्यास आणि जी संकलने केली ती चाळली, तरी एकच कथा गावोगावी किती तऱ्हांनी सांगितली जाते ते ध्यानात येते. सांगणारी बदलली की गोष्ट बदलते. गोष्टी नेहमीच नव्याने घडविल्या गेल्या. त्या कोणी घडवाव्यात आणि कोणी नुसत्या ऐकाव्यात, एवढाच भेद समाजाने राखला.

हा भेद मोडण्याचे एक मोठे उदाहरण पुण्यातच आहे आणि ते कर्वेनगरचे आहे. आज कर्वेनगर म्हटले की शाळा, मुलींची वसतिगृहे, १९९१ साली सुरू झालेले मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि गजबजलेल्या गृहरचना संस्था डोळ्यांपुढे येतात. सव्वाशे वर्षांपूर्वी ते हिंगणे नावाचे खेडे होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापिलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर, एका झोपडीत, येथे आला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे पायी या झोपडीकडे येत. ही हकिकत शाळाशाळांतून सांगितली जाते, आणि तिचेही एक तात्पर्य ठरून गेले आहे: त्यागाने मोठी कार्ये उभी राहतात.

परंतु हिंगण्याच्या इतिहासातील दोन पुस्तकांची नावे पाहावीत. आश्रमाच्या कार्यास आयुष्य वाहिलेल्या पार्वतीबाई आठवले यांनी आत्मचरित्र लिहिले आणि त्यास नाव दिले ‘माझी कहाणी’. त्यांच्या थोरल्या भगिनी, आनंदीबाई उर्फ बाया कर्वे, यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘माझे पुराण’. ही नावे केवळ विनयाने ठेवली असे मानता येईल. तथापि शब्दांचा इतिहास मनात आणला तर त्यांचे वजन निराळे भासते. कहाणी म्हणजे श्रावणात पाटावर बसून, हातात अक्षता घेऊन ऐकावयाची व्रताची कथा. तीत एक स्त्री वसा घेते, तो विसरते, दैन्य भोगते, पुन्हा वसा घेते आणि तिचे घर भरते. दुःख तिचे असते. पण ते का आले हे तिने सांगावयाचे नसते, ते कहाणीनेच तिला सांगावयाचे असते. पुराणाची गोष्टही तशीच. आसनावर पुराणिक, आणि पुढे ऐकावयास बसलेल्यांत आलवणातल्या, केशवपन झालेल्या स्त्रियांची दाटी. त्यांचे नशीब त्यांना समजावून देण्याचा मक्ता त्या आसनाचा होता.

पार्वतीबाई विसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांच्या वाट्यास केशवपन आले, आणि आश्रमाच्या कामात अनेक वर्षे काढल्यानंतर १९१२ साली त्यांनी ती रूढी झुगारून केस वाढविले. पुढे आश्रमासाठी निधी गोळा करावयास आणि इंग्रजी शिकावयास त्या अमेरिकेपर्यंत गेल्या. या बाईने आपल्या आयुष्यास ‘कहाणी’ म्हटले. या कहाणीतील स्त्री वसा विसरली म्हणून दुःखी झालेली नाही. समाजाने लादलेला वसा तिने जाणूनबुजून टाकला, आणि तो टाकल्यावर तिचे जीवन फळास आले. जुन्या कहाणीचा साचा तोच, पण न्याय उलटा.

‘माझे पुराण’ तर याहून अवघड जागी बोट ठेवते. आनंदीबाई या बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ साली कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि मुरुडकरांनी या दांपत्यावर बहिष्कार घातला. पुढे विधवांच्या आश्रमास लोकांची सहानुभूती मिळावी म्हणून पुनर्विवाहाची चळवळ त्यापासून दूर ठेवण्यात आली. म्हणजे ज्या विवाहामुळे कर्वे समाजसुधारक ठरले, तो विवाह केलेली स्त्री त्यांच्याच कार्याच्या उंबरठ्याबाहेर राहिली. संस्थेसाठी पतीने केलेल्या त्यागाचा भार घरात कोणी उचलला, हे थोर पुरुषांच्या चरित्रात सहसा येत नाही. ते स्वयंपाकघरातून सांगितलेल्या पुराणात येते. कर्व्यांची थोरवी त्यामुळे उणी होत नाही. ती गोष्ट एकाच बाजूने सांगितली जात होती, एवढे मात्र उघड होते. (पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरोघरी अशी न लिहिलेली पुराणे किती असतील, याचा हिशेब पक्षानेही एकदा करावयास हरकत नाही.)

हिंगण्यातील या दोघींना गोष्ट बदलावयास कोणी शिकविले नव्हते. त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून वामन आणि बळी यांची कथा पाताळात गाडल्या गेलेल्याच्या बाजूने वाचली होती. हा बळी त्यांना हवेतून निर्माण करावा लागला नाही. इडापिडा टळून बळीचे राज्य यावे, ही कामना मराठी स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या ओवाळताना बोलून दाखवीतच होत्या. ग्रंथांनी वामनाचा विजय सांगितला, आणि ओवाळणाऱ्या बायकांच्या तोंडी बळीचे राज्य राहिले. फुल्यांनी या विसंगतीवर प्रश्न उभा केला. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात पुराणांतील देवादिकांच्या वर्तनाचीच झडती घेतली. सारांश, गोष्टींची उलटतपासणी हे कोणा परदेशी शिक्षणशास्त्रज्ञाने आणलेले खूळ नव्हे. महाराष्ट्रातील परिवर्तनाच्या चळवळीचा आरंभच तेथून झाला आहे. ती रीत वर्गखोलीत मात्र पोहोचली नाही.

वर्गखोलीत ती नेताना सर्वांत मोठा धोका कोणता? सनातन्यांचा विरोध हा धोका दिसणारा आहे. त्याच्याशी दोन हात करता येतात. न दिसणारा धोका पुरोगाम्यांच्या उतावळेपणाचा. जुनी गोष्ट प्रतिगामी म्हणून टाकावयाची, तिच्या जागी तयार केलेली पुरोगामी गोष्ट मुलांच्या गळी उतरवावयाची, आणि शेवटी नवे तात्पर्य घोकून घ्यावयाचे. हा मार्ग फसतो, याचा पुरावा उपलब्ध आहे. कागदी पिशवी नेसलेल्या राजकन्येची एक गोष्ट रॉबर्ट मंच या लेखकाने १९८० साली प्रसिद्ध केली. राक्षसी अजगर राजवाडा जाळतो आणि राजपुत्रास पळवितो. राजकन्या युक्तीने त्याला सोडविते. राजपुत्र तिच्या मळक्या वेषास नाक मुरडतो. तेव्हा ती त्यालाच सोडून निघून जाते. ऑस्ट्रेलियात ब्रॉन्विन डेव्हिस या संशोधिकेने अशा गोष्टी शाळापूर्व वयाच्या मुलांना वाचून दाखविल्या आणि १९८९ साली आपले निष्कर्ष मांडले. अनेक मुलांच्या लेखी राजकन्येचीच चूक होती. तिने स्वच्छ होऊन, चांगला पोशाख करून यावयास हवे होते! लेखकाने गोष्ट उलटी केली होती, पण मुलांच्या मनातील साचा सुलटाच होता, आणि त्या साच्यात त्यांनी नवी गोष्ट जुनी करून घेतली.

तेव्हा मुलांच्या हाती नवी गोष्ट देण्यापूर्वी त्यांना जुनीच गोष्ट निराळ्या नजरेने वाचावयास द्यावी. हिमगौरीची गोष्ट मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. भिंतीवरचा आरसा सर्वांत सुंदर कोण ते सांगतो. आरशास हे ज्ञान कोठून झाले, हे कोणी विचारीत नाही. परदेशी गोष्टीतील बर्फासारख्या मुलीस मराठीत आणताना तिचे नाव ‘गौरी’ असेच ठेवले गेले, आणि सावळ्या मुलींनी भरलेल्या वर्गाने ते निमूट स्वीकारले. पुढे ती सात बुटक्यांकडे येते. ते खाणीत खपणारे मजूर. तू स्वयंपाक कर, अंथरुणे घाल, धुणे धू, शिवण-टिपण कर, मग तुला येथे राहता येईल, असा करार होतो. मजुरीचा उल्लेख नाही. बुटक्यांनी खणलेली संपत्ती कोणाकडे जाते याचाही नाही. ‘या गोष्टीत काम कोण करतो आणि खातो कोण?’ एवढा एकच प्रश्न पाचवीच्या वर्गात टाकावा आणि मुलांना वहीत दोन रकाने आखावयास सांगावे. राजाच्या रकान्यात कामाची जागा रिकामी राहिली, की पुढचे शिक्षकाने बोलावे लागत नाही.

मराठी मूल सर्वांत आधी ऐकते ती चिमणी-कावळ्याची गोष्ट. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा चिमणीच्या दारी येऊन कडी वाजवितो, आणि चिमणी त्याला थांबविते. बाळाला न्हाऊ घालावयाचे आहे, तीट लावावयाची आहे, झोपवावयाचे आहे. काही घरांत शेवटी ती दार उघडते, काही घरांत कावळ्यास चटका देऊन पिटाळते. कोठे गोष्ट दाराबाहेरच संपते. मोठी माणसे ही गोष्ट हसत सांगतात आणि मूल घास गिळते. तात्पर्य असे की, कावळा आळशी व लबाड, चिमणी कष्टाळू व शहाणी. कावळ्याला मेण का मिळाले नाही, हा प्रश्न विचारावयाचा नसतो.

ज्या शहरात ही गोष्ट सांगितली जाते त्या शहराला पाऊस आणि वाहून गेलेली घरे परकी नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने कर्वेनगरच्या समोरील तीरावर, सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत घरे बुडाली. त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाची वाडी येथे हातगाडीवर पोट भरणारे तिघे विजेच्या धक्क्याने मरण पावले. अशा शहरातील शाळेत एका बाकावर पक्क्या इमारतीतील मूल बसते आणि शेजारी पत्र्याच्या खोलीत राहणारे. दोघांनी मिळून ही गोष्ट लिहावी; एकाने दाराच्या आतून, दुसऱ्याने बाहेरून. आतल्याने बाहेरचे लिहावे, बाहेरच्याने आतले, म्हणजे अधिक चांगले. चिमणी खलनायिका आहे असे ठरवून टाकण्याची घाई येथेही नको. एकट्या बाईने तान्हे मूल घरात असता अवेळी दार उघडावे काय, हा प्रश्नही खराच आहे, आणि तो बहुधा एखादी मुलगीच विचारील. शेणाचे घर बांधणाऱ्याचा आणि दार न उघडणारीचा, असे दोन्ही प्रश्न जेथे एकत्र येतात तेथे विचार सुरू होतो. शिक्षकास उत्तर ठाऊक नसणे ही तेथे उणीव नव्हे.

परंपरेतील साऱ्याच गोष्टी मुकाट्याने ऐकावयाच्या नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी पाहा. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरावयाचा आहे. त्याच्या हुकमाने सारे गाव घरचे सर्व दूध आणून ओतते, वासरे आणि लेकरे उपाशी राहतात, आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरातील मुलांना, वासरांना पाजून, सर्वांना तृप्त करून उरलेले खुलभर दूध आणते, आणि गाभारा भरतो. राजा तिला कारण विचारतो तेव्हा ती त्याच्या तोंडावर सांगते, की लेकरावासरांचे दूध हिरावून केलेली पूजा देवास पावत नाही. सक्तीच्या वसुलीवर आणि दिखाऊ भव्यतेवर इतकी नेमकी टीका कोणत्या ठरावात सापडेल? भोपळ्यात बसून लांडग्या-वाघांना चकविणारी म्हातारीही याच कुळातील. दुबळ्याची अक्कल हेच तिचे शस्त्र. ती लेकीकडे जाते ती खाऊनपिऊन लठ्ठ होण्यासाठी. मग स्वतःच्या घरी तिला पोटभर का मिळत नव्हते, हे मुलांनी विचारल्यावाचून राहणार नाही. अशा गोष्टी जुन्या म्हणून फेकून देणारा पुरोगामी आणि जुन्या म्हणून पूजणारा सनातनी, दोघांनीही त्या नीट ऐकलेल्या नसतात.

पद्धतीबाबत इटलीतील जान्नी रोदारी यांचे काम उपयोगी पडावे. रोदारी हे काही काळ शिक्षक, पुढे कम्युनिस्ट वृत्तपत्रांत काम केलेले बालसाहित्यिक; १९७० साली त्यांना अँडरसन पारितोषिक मिळाले. १९७२ साली रेज्जो एमिलिया येथील शिक्षकांबरोबर झालेल्या बैठकींतून त्यांचे कल्पनाशक्तीच्या व्याकरणावरील पुस्तक तयार झाले. त्यांची एक युक्ती फार साधी आहे. मुलगी, रान, फुले, लांडगा, आजी, हे ओळखीचे शब्द द्यावयाचे आणि अखेरीस एक अनोळखी शब्द घालावयाचा: हेलिकॉप्टर. ठरलेल्या वाटेवर धोंडा पडला की मुलांना वाट स्वतः काढावी लागते. आपल्याकडे आवडती राणी, नावडती राणी, राजा, गोठा, आणि पाचवा शब्द ‘तलाठी’ किंवा ‘शिधापत्रिका’ देऊन पाहावे. नावडतीच्या नावे गोठा आहे की नाही, इथपर्यंत मुले सहज जातील. एकच पथ्य असावे: जादूने सुटका करावयाची नाही. जो बदल गोष्टीत घडवावयाचा त्याची किंमत गोष्टीतील कोणाला तरी मोजावी लागली पाहिजे. पार्वतीबाईंना ती मोजावी लागलीच होती.

अशाने मुलांचे बालपण करपेल, असा आक्षेप येतो. ‘का?’ हा शब्द मूल शाळेत येण्यापूर्वीच बोलू लागते. तो शाळेत करपतो. दुसरा आक्षेप भावना दुखावण्याचा. तो हलका मानू नये, कारण त्याची झळ भाषण देणाऱ्या पुढाऱ्यास लागत नाही, खेड्यातील एकट्या शिक्षिकेस लागते. बालशिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात, २९व्या कलमात, मुलास भयमुक्त करावे आणि त्यास आपले मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे असे स्पष्ट म्हटले आहे. हे कलम पालकसभेत वाचून दाखविणारा एखादा कार्यकर्ता तिच्या शेजारी उभा राहिला, तर तिचे बळ वाढेल. वस्त्यांतील वाचनालये आणि रविवारचे मुलांचे मेळावे येथे तर कोणाच्या परवानगीचीही गरज नाही. तेथे गोष्ट सांगणाऱ्याने शेवटचे भाषण आवरले म्हणजे पुष्कळ झाले.

राहता राहिली परीक्षा. परीक्षकाची अडचण खरी आहे: चाळीस मुलांनी चाळीस शेवट लिहिले तर गुण कशाचे द्यावयाचे? यास तूर्त एक साधा तोडगा सुचविता येईल. गोष्टीखाली ‘तात्पर्य लिहा’ याऐवजी ‘या गोष्टीला एक प्रश्न विचारा’ असे छापावे. प्रश्न गोष्टीतूनच निघालेला असला म्हणजे गुण द्यावेत. त्याचे उत्तर मागू नये. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत हा बदल व्हावयास मंडळाच्या समित्या, अभिप्राय, हरकती यांत काही वर्षे जातील. तिसरी-चौथीच्या घटक चाचण्या मात्र शाळेतच काढल्या जातात आणि शाळेतच तपासल्या जातात. तेथे तो येत्या सत्रापासून करता येईल, आणि शिक्षक संघटनांतील कार्यकर्त्यांनी आपल्या शाळांपासून आरंभ करावा.